बावीस स्टॉप

"आज मध्ये कुठ्ठेही थांबायचं नाही," गाडीत बसता बसताच काकूंनी बजावलं. "अकराला लेकीची परीक्षा. साडेदहाला बाळ माझ्या हातात हवं. पेपर चुकला तर तिची नोकरी कायम व्हायला आणखी एक वर्ष."

"मी काय दूधखुळा आहे?" ड्रायव्हरकाका म्हणाले.

चौतीस वर्षं काकांनी शहराच्या लांबलचक हमरस्त्यावर पश्चिमेकडची बस चालवली होती. गेल्याच महिन्यात निवृत्त होऊन त्यांनी जुनी मोटार घेतली. लेकीचं घर पश्चिमेच्या पार टोकाला, मध्ये बावीस स्टॉप. डोळे बांधले तरी चुकणार नाही असा रस्ता. गोची एवढीच, की ते बावीस स्टॉप काकांपेक्षा त्यांच्या पायाला जास्त पाठ होते.

दवाखान्याच्या स्टॉपवर गाडी आपसूक कडेला जाऊन उभी राहिली.

"अहो!"

"सवय गं. हा निघालोच."

तेवढ्यात मागचं दार उघडून शिवणकाम करणाऱ्या मावशी गठ्ठ्यासकट आत बसल्यासुद्धा. "काय ड्रायव्हरकाका, आता छोटी गाडी दिली का तुम्हाला? मला घड्याळाच्या चौकात सोडा हो."

चौतीस वर्षं ज्यांना चढवून घेतलं, त्यांना उतरा म्हणायचं कुठल्या तोंडानं? काकांनी गाडी पुढं काढली. वाचनालयापाशी पाय पुन्हा ब्रेकवर गेला आणि गणिताचे मास्तर चढले. तिसऱ्या ठिकाणी कुंडी घेऊन माळीबुवा आले. मागं जागा नव्हती, म्हणून कुंडी काकूंच्या मांडीवर आली.

"बाजाराला वळसा कशाला घालताय?" काकू कुंडीआडून ओरडल्या.

"बस इकडूनच जाते."

"पण आपण बस नाही ना!"

हा मुद्दा काकांना पटला, पण तोवर वळसा पुरा झाला होता. मावशी चौकात उतरल्या, मास्तर शाळेपाशी. माळीबुवांना मात्र शेवटपर्यंत यायचं होतं. काकूंच्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं. आपल्यामुळं पोरीचं वर्ष वाया जाणार, या विचारानं काकांनी गाडीचा वेग वाढवला.

शेवटच्या स्टॉपवर ते पोचले तेव्हा पावणेअकरा झाले होते. लेक बाळाला कडेवर घेऊन तिथंच उभी होती.

"अगं, घरी नाही थांबलीस?" काकूंनी विचारलं.

"घराला कुठं स्टॉप आहे, आई? बाबा थांबणार ते इथंच."

माळीबुवांनी कुंडी घेतली, काकूंच्या मांडीवर बाळ आलं.

"चल, बस पटकन," काका म्हणाले. "केंद्र तीनच स्टॉप मागं आहे. मी सोडतो."

लेकीनं घड्याळाकडं पाहिलं, मग बापाकडं. "रागावू नका बाबा. मला वेळेवर पोचायचंय. मी बसनं जाते."

पलीकडं परतीची बस हलली होती. काका धावत जाऊन तिच्यापुढं दोन्ही हात पसरून उभे राहिले.

नव्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "काका, स्टॉपवरून सुटलेली बस कुणासाठी थांबवायची नाही, असं तुम्हीच शिकवलंत ना मला!"

"चुकलो. दार उघड."

लेक चढली. काकांनी बसच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि ती वळणाआड जाईपर्यंत ते पाहत राहिले.

"पोचेल ना हो?" काकूंनी विचारलं.

"पोचणारच," काका छाती फुगवून म्हणाले. "बस आहे ती. मोटारीसारखी वेळ काढत बसत नाही."