हयात, मयत आणि सोनकुसरे बाबू

सोनकुसरे बाबू कोणाच्याही मरणावर पटकन विश्वास ठेवत नसत. आमच्या कचेरीतल्या शिपायाचे वडील वारले तेव्हा आम्ही सगळे भेटायला गेलो. कोणी पाठीवर हात ठेवला, कोणी डोळे पुसले. बाबू त्याच्या शेजारी बसले आणि हळूच म्हणाले, "ग्रामपंचायतीत नोंद केली का?"

जिवंत माणसांबद्दलही त्यांचं मत फारसं वेगळं नव्हतं.

मी तुमसरला नोकरीला लागले तेव्हा ते निराधार योजनेच्या टेबलावर होते. विधवा, म्हातारे, अपंग यांना सरकारकडून महिन्याला जे मिळतं त्याला आमच्याकडे 'पगार' म्हणतात. तो घेणारा खरा आहे की खोटा, आणि मुळात आहे की नाही, हे तपासायचं काम बाबूंचं. त्यांना गाडी येत नव्हती, म्हणून मागे त्यांना बसवून माझी स्कूटी गावोगाव फिरायची. मांडीवर फायलींची थैली आणि नजर दोन्ही बाजूंना. धानाच्या रोवणीच्या दिवसांत एखादा म्हातारा बांधीतल्या चिखलात रोपं लावायला वाकलेला दिसला की मागून आवाज यायचा, "थांबवा मॅडम. हा मागच्या साली अपंग होता."

त्यांची पद्धत साधी होती. एका घरी विधवेचा पगार चालू होता आणि आत खाटेवर एक गृहस्थ झोपलेला होता. बाई म्हणाली, "माहा देर हाय." बाबूंनी मान डोलावली. पाणी पिऊन ते खाटेवरच्या दिराकडे बघून सहज म्हणाले, "वहिनी भाजी बरी करते न?"

"कायची बरी?" गृहस्थ उठून बसला. "वीस वर्सं झाले, मीठ कमी टाक म्हनून सांगून राहिलो."

बाबूंनी तिथेच पेन काढलं.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस निनावी अर्ज आला. सिहोऱ्याकडच्या एका गावातली सीताबाई मेली, तिचा पगार तिची जाऊ यमुनाबाई अंगठा लावून उचलते, बाईवर गुन्हा दाखल करावा. अक्षर सुंदर होतं. बाबू म्हणाले, "खोटा अर्ज एवढा नीट कोनी लिहीत नाई."

आम्ही गेलो. तळ्याच्या पाळीखाली एक खोली, दारात एक गाभण बकरी. बाई सत्तरीची असावी. नाव विचारलं तर "सीताबाई." नवऱ्याचं नाव, वय, मूलबाळ नाही, सगळं तिने पाठ केल्यासारखं सांगितलं. बाबूंनी सगळं लिहून घेतलं, फाईल बंद केली आणि निघता निघता म्हणाले, "यमुनाबाई, थोडं पानी देता का?"

"देतो न बाबू," म्हणत ती आत गेली. पाण्याचा गडवा घेऊन बाहेर आली तेव्हा तिच्या लक्षात आलं. गडवा तिने खाली ठेवला.

मग तिने सगळं सांगितलं. दोघी जावा, दोघी विधवा, एकाच चुलीवर खायच्या. सीताबाईचे कागद झाले. यमुनाबाईचा नवरा परगावी दवाखान्यात वारला, त्याच्या मृत्यूचा दाखलाच कधी मिळाला नाही. एका पगारात दोघी भागवायच्या. "मरताना सीताच म्हने, माहा अंगठा आता तू लाव. म्हटलं, अंगठे त सारखेच असतेत."

"नसतेत," बाबू म्हणाले.

"हाव का? मले कोनी सांगतलंच नाई."

बाबूंनी बाहेर येऊन ओट्यावरच अहवाल लिहिला. सीताबाई मयत, पगार बंद. परत येताना रोवणी करणाऱ्या म्हाताऱ्यांकडेही त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "गुन्हा दाखल करायचा का?"

"कोनावर, साहेब? या बाईजवळ स्वतःचा एकबी कागद नाई. आधी तिचे कागद करा लागतीन."

साहेबांनी हात जोडले. बाबूंनी ती मंजुरी समजली.

पुढचे तीन महिने त्यांनी रजेचा एकही दिवस घरी काढला नाही. यमुनाबाईचा नवरा मेला तेव्हा भंडारा आणि गोंदिया मिळून जिल्हा एकच होता. दाखला मागायला बाबू गेले तेव्हा दोन झाले होते. भंडाऱ्यात सांगितलं, गोंदियाला विचारा. गोंदियात सांगितलं, जुनं दप्तर भंडाऱ्याला. बाबू दोन्हीकडे डबा घेऊन जायचे आणि दाखला मिळेपर्यंत बाकावर बसून राहायचे. शेवटी कंटाळून गोंदियावाल्यांनीच शोधून दिला.

प्रकरण मंजूर झालं. बँकेत खातं उघडायला आम्ही तिघं गेलो. अर्ज मी भरत होते. वारसाच्या रकान्यापाशी थांबले.

"कोनी नाई, बाई," यमुनाबाई म्हणाली.

बाबू खिडकीबाहेर बघत होते. "लिहा मॅडम. पुंडलिक सोनकुसरे. नातं, भाऊ."

मी पेन खाली ठेवलं. "बाबूजी, हे खोटं आहे. आणि भाऊ सरकारी नोकरीत, तर बाई निराधार कशी? उद्या कोणी तपासायला आलं तर?"

"तपासाले कोन येनार हाय?" ते म्हणाले. "मीच न."

मी लिहिलं. यमुनाबाईने अंगठा लावला, या वेळी स्वतःचा.

दिवाळीच्या आदल्या दिवशी कचेरी लवकर सुटली. बाबू माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. एका खोलीत एकटा राहणारा हा माणूस सणासुदीला कुठे जातो, हे मी कधी विचारलं नव्हतं. ते बराच वेळ थैलीचा बंद नीट करत राहिले.

"मॅडम, भाऊबीजेले जाताना काय काय न्या लागते?" ते म्हणाले. "मले माहीत नाई. कधी कामच नाई पडलं."