कावळ्याकडे पाठ

आमचे शेजारी दगूनाना सगळे पक्षी बघत, पण कावळा दिसला की पाठ फिरवत. माणूस वेडाच, असं मी तोंडावर म्हणायचो.

मनमाडला रेल्वेतून रिटायर होऊन एकटेच नाशकात आले. थंडी पडली की माकडटोपी घालून पहाटे सांडपाण्याच्या तळ्यावर. अख्खं नाशिक सकाळी जे सोडतं ते तिथं साचतं. नाना काठच्या सिमेंटच्या फुटक्या पाईपवर नाक न धरता बसायचे. लांबच्या मुलखातली बदकं उतरली की म्हणायचे, "अप गाडी आली." फाल्गुनात ती निघाली की डाऊन. कुणी खोकलं तर डाफरायचे, "हळू. पाहुणे दमून आलेत." गल्लीतल्या बायका म्हणायच्या, पाहुण्यांना उतरवायला जागा तरी धड बघायची.

आणीबाणी उठली त्या सालच्या हिवाळ्यात माझी बायको गेली. दहाव्याला गंगेवर पिंड ठेवला, कावळा शिवेना. मुलगा हात जोडून म्हणाला, आई, आबांना सांभाळीन. सून म्हणाली, तुळशीला रोज पाणी घालीन. कावळे देवळावर बसून नुसते बघत होते. ऊन चढलं, लोकांना भुका लागल्या. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवला. गवताचा. सगळे जेवले. मी पानावरून उठलो. हिचं राहिलं काय?

गल्ली सगळी आली होती, नाना तेवढे नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर जाऊन त्यांना धरलं.

"दहाव्याला का आला नाहीत? पाखरांचं एवढं करता, मग सांगा, का नाय शिवला?"

नाना पाण्याकडे तोंड करूनच म्हणाले,

"आमच्या हिलाही गवताचाच शिवला, आबा."

मग खिशातून कागदाची पुडी काढली. आत कांदाभजी. शेवटच्या आजारात त्यांच्या बायकोनं मागितली होती, डॉक्टर नको म्हणाले म्हणून नानांनी दिली नव्हती. ती भजी त्यांनी न बघता पाठीमागच्या दगडावर ठेवली. रोज ठेवतात म्हणाले. आपण बघितलं की कावळा येत नाही, अशी त्यांची समजूत.

"तुमचं तोंड तिकडं आहे. शिवला का?"

कावळा बाभळीवर बसून मान वाकडी करत होता.

"नाय अजून," मी म्हणालो.

"हळू," नाना म्हणाले, आणि पाईपवर सरकून मला जागा केली.