बिसेन गुरुजींचे प्रकल्प

पुस्तकात चूक सापडली नाही, तर बिसेन गुरुजी पुस्तकाचं परीक्षण परत करायचे. दर शनिवारी शाळेच्या पेटीतलं एक पुस्तक घरी न्यायचं, सोमवारी परीक्षण द्यायचं, आणि त्याच्या शेवटी 'या पुस्तकातली चूक' असा मथळा हवाच. "चूक नाई सापडली म्हणजे तू वाचलं नाई," एवढं साधं त्यांचं गणित होतं.

सालेकशाकडचं आमचं गाव, सगळी धानवाल्यांची लेकरं. एका गोष्टीच्या पुस्तकात आषाढातच, म्हणजे रोवणीच्या दिवसांतच, धानाला लोंब्या आलेल्या मी पकडल्या, तेव्हा गुरुजी वर्गात नाचायचेच बाकी राहिले. "या लेखकानं जन्मात रोवणा नाई पाहला!" माझी मैत्रीण सुलोचना मात्र पक्की आळशी. तिने लिहिलं, 'चूक : पुस्तक फार जाड आहे.' गुरुजींनी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. म्हणाले, "पोरगी खोटं तं नाई बोलली."

प्रकल्पांचं तर विचारूच नका. चित्रं चिकटवायला सक्त बंदी. "चित्र चिपकवाचं असंन तं घरच्या भितीवर चिपकव." विषय कुठलाही असो, तीन म्हाताऱ्या माणसांना विचारायचं आणि ते बोलले तसंच, एक शब्द न बदलता लिहायचं. आम्ही वह्या घेऊन निघालो की म्हातारी मंडळी पटापट दारं लावून घेत. "आलं वो बाप्पा, गुरुजीचं लेंढार!"

आता मी गोंदियात शिकवते. परवा एका मुलीने 'आमच्या गावची शेती' हा प्रकल्प दिला, छान रंगीत, आणि शेतामागे चक्क बर्फाचा डोंगर. मी कपाळावर हात मारला आणि गुरुजी आठवले. तसे ते आठवायला मला निमित्त लागत नाही. गेल्या हिवाळ्यात ते स्वतःच माझ्या दारात उभे राहिले होते, तेव्हापासून तर नाहीच.

खूप वाळले होते. बसायच्या आधीच म्हणाले, "तुह्या आठवीचा प्रकल्प हाय का, बाई? तो विहिरीवाला."

"काऊन, गुरुजी? आता चूक काढायले आलात का?" मी थट्टा केली.

ते हसले नाहीत. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. "आठ दिवसांवर वर्षश्राद्ध हाय. साळी इचारून राह्यली, भाऊजी, ताईच्या पानात तिच्या आवडीचं काय वाढू? मले सांगताच नाई आलं. एवढी वर्षं तिच्या हातचं खाल्लं अन् तिले काय आवडे तेच मले ठावं नाई." मग खाली बघत म्हणाले, "त्या टायमाले तू तिच्यापाशी बसून लिहून घेतलं होतं. काही बोलली असंन."

खरं होतं ते. तिसरं म्हातारं माणूस शोधत दूरच्या टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीवर, कोण जाणार, म्हणून मी गुरुजींच्याच पडवीत बसून काकूंना विचारलं होतं. काकू तेव्हा म्हाताऱ्या नव्हत्या, पण मला चालल्या. त्यावर "घरच्या घरी संशोधन!" म्हणून गुरुजींनी भर वर्गात माझी खरडपट्टी काढली होती.

माझ्या जुन्या पेटीच्या तळाशी वही सापडली. गुरुजींचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मीच वाचू लागले. काकू बोलल्या तसंच होतं सगळं. "त्या वडाच्या विहिरीचं पानी लय गोड. त्या पान्यात लुचई धानाचा भात रांधला का असा मऊ होये का बस! मले तोच भात आवडे. पन तुह्या गुरुजीले मोकळा भात लागते, मंग मी घरात लुचई भरतच नाई."

मी थांबले.

"मंग? पुढं काय हाय?" गुरुजींनी विचारलं.

पुढे काकूंचं काही नव्हतं. समासात लाल शाईत गुरुजींचं अक्षर होतं. ते वाचावं की नाही मला कळेना. पण ते वाट बघत होते, म्हणून वाचलं. 'विषयाला सोडून. एक गुण वजा.'

गुरुजींनी वही माझ्या हातातून घेतली आणि चष्मा नसताना त्या पानाकडे बघत राहिले.

"लुचई आता कोन पेरते, बाई?"

"चिचगडकडे एक जण अजून पेरतो म्हणतात," मी म्हटलं.

चहा तसाच ठेवून ते बसस्टँडकडे निघाले.