मिसळीतला थर्मामीटर

आमच्या खालच्या मजल्यावरचे भामरे सर मिसळ समोर आली, की आधी रश्शात थर्मामीटर बुडवतात. हॉटेलवाला हात जोडतो, "सर, गिऱ्हाईक बिचकतं हो." सर ढिम्म. कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं. रिटायर झाले, पण तास काही संपला नाही.

"तिखट ही चव नाहीच. पेशीला विचारा! तिच्या भिंतीत प्रथिनाचं एक दार असतं. चटका बसला की ते उघडतं, आयन आत घुसतात, मेंदूला वर्दी जाते. मिरचीही तेच दार उघडते. म्हणून म्हणतो, रस्सा निवू द्या. कमी झोंबेल."

सोसायटीच्या मिसळ पार्टीची सूत्रं अशा माणसाकडे देणं हा आमचा शुद्ध गाढवपणा. पारा मनासारखा उतरेपर्यंत सरांनी कुणाला पातेल्याजवळ फिरकू दिलं नाही. तर्री पार थिजली आणि मंडळी पाव-जिलेबी खाऊन घरी गेली. सर मात्र खूश. "बघा, एकाला तरी घाम फुटला?"

मला हा माणूस भारी आवडतो, काय सांगू.

गेल्या वर्षी सरांच्या बायकोला, आमच्या काकूंना, अर्धांगवायूचा झटका आला. त्या चालायला लागल्या, बोलायला लागल्या, पण डाव्या हाताला स्पर्श कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल किंवा नाही येणार. सरांना हे मान्यच नाही. "तळहातातली दारं शाबूत आहेत. वरचा साहेब वर्दी घेत नाहीये. आपण पाठवत राहायचं." मग रोज सकाळी काकूंनी डोळे मिटायचे आणि सरांनी त्या हातावर काहीतरी ठेवायचं. मटकी, किल्ली, सुपारी. काकू मुद्दाम "हत्ती" म्हणतात. सर रुसतात.

परवा मरणाची थंडी होती. दिंडोरीहून आलेली द्राक्षं द्यायला मी खाली गेले, तर हाच कार्यक्रम चाललेला. सरांनी एक द्राक्ष उचललं, परत ठेवलं आणि नुसता आपला हात काकूंच्या डाव्या हातात दिला. कंटाळले असावेत.

काकूंचे डोळे मिटलेलेच. म्हणाल्या, "अहो, किती गार पडलाय हात. स्वेटर कुठंय तुमचा?"

मला वाटलं, झालं, आता तासभर व्याख्यान. पण सर उठले, स्वेटर घालून आले, तोही उलटा, आणि तोच हात पुन्हा काकूंच्या हातात देऊन बसून राहिले.