एका भुलीत दोन कामं

कपडे दुरुस्त करून देणाऱ्या त्या शिवणकामवालीला उसवलेलं काही नुसतं ठेववत नसे. पँट आखूड करायला आली की ती चेनही बदलून द्यायची. "उघडलंच आहे तर होऊन जाऊ दे," हे तिचं एकूण आयुष्याबद्दलचंच मत. त्यामुळे पित्ताशय काढायचं ठरलं तेव्हा तिने सर्जनना विचारलं, "भूल देणारच आहात, तर त्यातच गालांत सुरकुत्या बुजवायचं फिलर भरून होईल का?"

"फिलरला भूल लागत नाही. मलम लावलं तरी पुरतं."

"आणि त्यासाठी वेगळी खेप कोण घालणार?"

खरं कारण तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. वर्षभर आई तिला ओळखत नव्हती. आईच्या डोक्यातली मुलगी तिशीची होती. ओठांच्या कडेने खोल घड्या पडलेली ही बाई म्हणजे कुणीतरी पगारी मदतनीस. "बाई, माझी मुलगी आली की मला उठवा हं," असं सांगून आई रोज दुपारी झोपायची. एकदा, फक्त एकदा आईने आपल्याला 'छबू' म्हणून हाक मारावी, एवढंच तिला हवं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी फिलरच्या डॉक्टरीणबाई आल्या. आडवं झालं की गाल कानांकडे सरकतात, म्हणून त्यांनी तिला स्ट्रेचरवर ताठ बसवून चेहऱ्यावर जांभळ्या पेनाने बाण काढले. त्या बाहेर गेल्या आणि नवरा आत आला. नवरा कारखान्यात तयार माल तपासायचा. चुकीची खूण दिसली की काम थांबवायचं, याचाच त्याला पगार मिळायचा.

"पित्ताशय कुठे असतं हो?" त्याने नर्सला विचारलं.

"पोटात."

"मग हिच्या गालावर बाण कसले?"

नर्सला ठाऊक नव्हतं. बायकोने डोळ्यांनी 'गप्प बसा' म्हणून खुणावलं. त्याला वाटलं, भूल चढतेय. त्याने स्ट्रेचरच्या चाकापुढे पाय घातला. "पेशंट बदललाय! कुणी जागचं हलायचं नाही!"

शेजारचे आजोबा गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आले होते. त्यांनी घाबरून दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि काही केल्या सरळ करेनात. त्यांची सून रडू लागली. भूल देणारे डॉक्टर धावत आले, सर्जन आले, डॉक्टरीणबाई परत आल्या, लिफ्टमधले पाहुणेही आले. अखेर एवढ्या गर्दीपुढे तिला बोलावंच लागलं.

"काही चुकलेलं नाही. मीच सांगितलंय. सुरकुत्या भरायच्यात."

"आता? कुणासाठी?"

"आईसाठी."

नवऱ्याने पाय मागे घेतला आणि डॉक्टरीणबाईंना हळूच म्हणाला, "डावा बाण उजव्यापेक्षा जरा खाली आलाय."

घरी आल्यावर सूज उतरेपर्यंत ती आईसमोर गेलीच नाही. आईचं सगळं नवऱ्याने केलं. मग एका दुपारी चष्मा काढून, केस मोकळे सोडून ती पलंगाशी जाऊन बसली.

आईने डोळे उघडले. "छबू! अगं, कधी आलीस?"

तिला रडूच फुटलं. आईने तिचे गाल कुरवाळले, डोळे पुसले आणि मग दाराकडे बघायला लागली.

"ती बाई कुठंय गं? बरेच दिवस झाले, फिरकली नाही. तुझ्या नवऱ्याला वेणी घालता येत नाही."

"मी घालते ना, आई."

"राहू दे. तू पाहुणी. तुला वेळ कुठे असतो? वर्षवर्ष तोंड दाखवत नाहीस." आई पुन्हा दाराकडे वळली. "तिला बोलाव. तिने भरवल्याशिवाय मला घास जात नाही."

ती बाहेर आली. नवरा दाराआड उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"ते फिलर विरघळवायचंही इंजेक्शन असतं म्हणे," तो कुजबुजला. "विचारू?"

तिला हसू आलं आणि पोटातले टाके दुखले. तिने चष्मा लावला, केस घट्ट बांधले, मोजपट्टी गळ्यात अडकवली आणि परत आत गेली.

"आलात बाई!" आईचा चेहरा खुलला. "थोडक्यात चुकामूक झाली हो. माझी छबू आली होती." मग तिने हिला जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "पोरगी गोड आहे, पण ती काय, येणार आणि जाणार. तुम्ही नका कुठे जाऊ."

"नाही जात," ती म्हणाली आणि आईच्या केसांतला गुंता सोडवायला बसली.