जांभळ्या उजेडातली पावलं

सकुबाईंनी एक साधी बॅटरी मागितली होती. आदेशने ठाण्याहून ती आणली खरी, पण तिच्याबरोबर शिकवणीही आली.

"काकी, आधी सांग, उजेड थंड पायजे का गरम?" ओटीवर मांडी घालून पुतण्याने विचारलं.

"मला उजेडावर हात नाय शेकायचे. वाट दिसायला पायजे."

"तसं नाय गो. पांढरा म्हंजे थंड, पिवळा म्हंजे गरम. आतला एलईडी कुठला हाय त्यावर असतं."

"मंग पिवळा. पयल्या बॅटरीचा व्हता तसा."

पहिली बॅटरी म्हणजे सासऱ्यांनी शहापूरच्या बाजारातून आणलेली, पितळेची, दोन सेलची. तिचा उजेड मोहाच्या फुलासारखा मऊ होता. त्यात भात भातासारखं दिसे आणि माणूस माणसासारखं. आता खांबांवर जे पांढरे दिवे आलेत त्यांच्याखाली चांगली धडधाकट माणसं नुकती पाण्यातून काढल्यासारखी दिसतात, असं सकुबाईंचं मत होतं.

आदेशला बॅटऱ्यांचं वेड होतं. मोबाइलवर त्यांचा एक ग्रुप होता. सुरुवातीला तो तिथे 'नवीन आहे, कोणता एलईडी घेऊ' असं भीत भीत विचारायचा, आता दुसऱ्यांना शिकवायचा. त्याने काकीच्या हातात अंगठ्याएवढ्या जाडीची काळी नळी दिली. एकदा दाबलं की पिवळा. दाबून धरलं की टर्बो, म्हणजे पार पलीकडच्या शेणवे गावातल्या पाण्याच्या टाकीपर्यंत. आणि बाजूच्या छोट्या बटणाला हात लावायचा नाही.

"का?"

"तो जांभळा हाय. दिसत नाय फारसा, पण विंचवावर मारला तर विंचू हिरवा पेटतो. हळदीवर मारला तर हळद पेटते. डोळ्यात नाय मारायचा. आनि याला अठरा सहाशे पन्नासचा सेल लागतो, ध्यानात ठेव."

"सेल हाय का सर्वे नंबर?" खाटेवरून महिपतबुवा म्हणाले. सकुबाईंचे यजमान दिवसाकाठी एखादंच वाक्य बोलत. त्या दिवसाचं ते संपलं.

बॅटरीची गरज का पडली, ते सकुबाईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. दिवेलागणीनंतर बांध आणि खाचर एक होऊन जात. त्याहून वाईट म्हणजे, गेले काही महिने संध्याकाळी वाटेने जाताना मागून कुणीतरी चालत असल्यासारखं वाटायचं. त्या थांबल्या की ते थांबे. वळून पाहिलं तर नुसता अंधार. एकदा तर त्यांनी मनातल्या मनात शिवेवरच्या राखणदार चेडोबाला नारळही कबूल केला होता: बाबा, मागचा जो कोण आहे त्याला तुझ्याकडे ठेवून घे.

हे बोलायची सोय नव्हती, कारण घरात भूमिकाचं लग्न निघालं होतं. भूमिका म्हणजे थोरल्या पुतण्याची, कुंडलिकची लेक. या घराची रीत अशी की नवऱ्याला लावून उरलेली उष्टी हळद नवरीकडच्या जाणत्या सुवासिनीने जाऊन आणायची. सकुबाईंना स्वतःची लेक नव्हती. पण या घरातून सासरी गेलेल्या प्रत्येक लेकीची हळद त्यांच्याच हातातून आली होती, आणि ती वाटी धरून दारात येईपर्यंतची घटका त्या आईच असत. या वेळी आदेशच्या बायकोने, रंजिताने, सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "काकींना आता सांजचं दिसत नाय. कुठं पाडतील बिडतील. हळद मीच आणते."

"मी आणणार," सकुबाई म्हणाल्या होत्या. "मला दिसतं."

धसईला, नवऱ्या मुलाच्या गावी, सगळं नीट झालं. नवरदेवाला, प्रज्वलला, हळद लागली, उरलेली काशाच्या वाटीत घालून वर पळसाचं पान बांधलं. परतताना जीपमध्ये प्रज्वलची बहीण रविना होती, रंजिता होती. गावाच्या वळणावर डीजेची ट्रॉली आडवी अडकली होती आणि तिच्यापुढे सगळी पोरं नाचत होती. जीप पुढे जाईना. घर हाकेच्या अंतरावर. "मी बांधावरनं जाते," असं म्हणून सकुबाई उतरल्या आणि कुणी अडवायच्या आत चालू लागल्या.

दिवस मावळून गेला होता. पिवळा उजेड पायापुढे पडत होता, अगदी सासऱ्यांच्या बॅटरीसारखा. सकुबाईंना बरं वाटलं. आणि तेवढ्यात मागे पाऊल वाजलं.

त्या थांबल्या. ते थांबलं.

समोर शिवेवरचा आंबा होता, त्याखाली चेडोबाचा दगड. सासूबाई सांगायच्या, लेकीची हळद शिवेतून आत आली की बोटभर त्याला द्यायची. नाही दिली तर तो आपल्या पायाने मागायला येतो. पुढे जीपगाड्या थेट दारात यायला लागल्या आणि रीत सुटली. किती लेकींची हळद त्याला चुकवून गेली, याचा हिशेब त्याने ठेवला असेल तर?

सकुबाईंनी बटण दाबून धरलं. टर्बो लागला. आंबा, दगड, पलीकडचं शेत सगळं भरदुपारसारखं पांढरं झालं आणि त्यांच्या डोळ्यांपुढे काहीच दिसेनासं झालं. त्यात ती नळी हातात तापू लागली. हे आदेशने शिकवलं नव्हतं. त्यांनी घाईने ती दुसऱ्या हातात घेतली, त्या हातात वाटी होती. पान सुटलं आणि हळद चेडोबाच्या ओट्यावर सांडली.

जेवढी बोटांना लागली तेवढी त्यांनी वाटीत ओढली. जी पायांखाली आली ती आली. घरी मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरून डब्यातली हळद आणि तेल त्यात कालवलं. वाटी पुन्हा भरली. कुणी पाहिलं नाही. वाटी अंगणात पाटावर बसलेल्या भूमिकापुढे ठेवली तेव्हा रंजिता नुकती पोहोचत होती.

"आल्या का नीट?" रंजिताने विचारलं.

"न यायला काय झालं," सकुबाई म्हणाल्या, आणि अंगणापाशी पोहोचलेला डीजे पुन्हा सुरू झाला. त्याच क्षणी डीपीवर फट्ट झालं आणि वीज गेली.

"काकी, बॅटरी लाव," कुंडलिक अंधारातून म्हणाला.

सकुबाईंच्या बोटाखाली बाजूचं बटण आलं.

अंगणात माणसं राहिलीच नाहीत. नुसत्या टोप्या आणि सदरे निळसर पेटून हवेत तरंगत होते, त्यांच्यावर दातांच्या ओळी. एक बाई किंचाळायला गेली आणि तिचेही दात पेटले. सकाळी ज्या बायकांनी हळद कुटली होती त्यांचे हात मनगटापर्यंत हिरवे-पिवळे जळत होते. हळद कुटून कंबर मोडली, असं रंजिता दिवसभर म्हणत होती; तिचे हात तेवढे काळेभोर. कुंडलिकचे सगळे दात चमकले, पुढचा एक सोडून. तो शहापूरला बसवलाय हे आजवर त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं.

मग कुणीतरी खाली पाहिलं.

नव्याने सारवलेल्या अंगणातून पावलं गेली होती. हिरवी, पेटलेली. बांधाच्या बाजूने येत होती, घराला वळसा घालून मागच्या दाराकडे जात होती. आणि ती चालवणारं कुणी नव्हतं.

आदेशने काकीच्या हातातून बॅटरी घेतली आणि पावलांवर धरली. कुंडलिक हळूच म्हणाला की आजी सांगायची तेच हे, चेडोबा आपली हळद मागायला आलाय, आता भगताला बोलवल्याशिवाय पोरीला हळद लावायची नाही. रविनाने फोन काढला आणि धसईला सांगू लागली की इकडे काहीतरी भलतंच आहे, दादाला म्हणावं थांब.

भूमिकाने सकुबाईंचा पदर धरला. "आजे, लगीन मोडंल का गो?"

सकुबाईंनी त्या पोरीच्या हाताकडे पाहिलं. मग रंजिताकडे. मग म्हणाल्या, "फोन ठेव गो रविना. ती पावलं माझी हायत. शिवेवर हळद सांडली माझ्या हातनं. वाटीतली निम्मी घरची हाय. मला दिसत नाय संध्याकाळचं."

एवढं एका दमात बोलून त्या खाली बसल्या. रंजिता आता बोलणार, याची त्यांनी वाट पाहिली. पण बोलला आदेश, आणि त्याचा आवाज काही बरा नव्हता.

"काकी, तुझ्या पायात चपला व्हत्या ना?"

"व्हत्या."

"ही चपलेची. मंग ही कुनाची?"

रबरी चपलेच्या नक्षीमागून दुसरी पावलं येत होती. अनवाणी, मोठी. चपलेचं पाऊल जिथे थबकलं होतं तिथे तीही मागे थबकली होती.

सकुबाईंना वाटेवरचा तो मागचा आठवला. म्हणजे भास नव्हता.

आदेशला सुचलं की सगळ्यांचे तळवे बघावेत. अंगणातले पुरुष एकमेकांच्या खांद्याला धरून एका पायावर उभे राहिले आणि तो प्रत्येकाखाली जांभळा उजेड घालत फिरला. भीतीने कुणाचा तोल राहीना. तळवे सगळे कोरे निघाले. कुंडलिक म्हणाला, आता तरी भगताला बोलवा.

सकुबाई मात्र खाली वाकून त्या पावलांकडे बघत होत्या. डाव्या पायाची करंगळी बाहेर वळलेली होती. नांगराचा फाळ लागून वळली होती ती. त्या वर्षी सबंध पावसाळाभर त्यांनीच तिला तेल चोळलं होतं. त्यांनी आदेशकडून बॅटरी घेतली, पिवळा उजेड लावला आणि घरामागे गेल्या.

महिपतबुवा गोठ्याजवळ पाय पोटाशी घेऊन बसले होते.

"पाय दाखवा."

"कशाला?"

"दाखवा म्हंते ना."

त्यांनी दाखवले. त्यांवर जांभळा उजेड पाडायची गरजही नव्हती.

"कवापासनं चालताय असं मागनं?"

"डोळ्यात पडदा आला तवापासनं. आज वळणावर थांबलो व्हतो."

"आनि बोललात नाय? भुतानं धरलंय मला असं वाटलं. नारळ बोलले मी."

"सांगितलं असतं तं तू येऊ दिलं असतंस?" महिपतबुवा म्हणाले. "चपला वाजतात, म्हून अनवाणी."

हे उद्याचंसुद्धा वाक्य त्यांनी आजच वापरून टाकलं होतं.

तोवर रंजिता मागे येऊन उभी राहिली होती. हात पदराखाली लपवलेले. मग अंगणात परत जाऊन तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मागची पावलं काकांची आहेत, आणि हळद सांडली नाही, चेडोबाने आपली घेतली. रीत मोडली होती ती काकींच्या हातून पुन्हा लागली. यापुढे या घरातली हळद काकीच आणतील, त्यांच्याच हातची त्याला चालते. रविनाने धसईला तसंच कळवलं. धसईच्या म्हाताऱ्यांनी म्हणे माना डोलावल्या. आता फक्त बोटभर हळद रीतसर त्याच्या कपाळाला लावून या, मग पोरीला लावू, असं ठरलं.

नवरा-बायको बांधावरून निघाले. या वेळी महिपतबुवा शेजारी चालत होते. आंब्याखाली सकुबाईंनी सांडलेली हळद कुठे आहे ते बघायला जांभळा उजेड लावला. ओट्यावर ती पेटलेली दिसली, दोघांच्या पावलांनी तुडवलेली. मग त्यांनी उजेड वर नेला.

दगडाच्या कपाळावर हळदीचं एक बोट होतं. सरळ, जपून ओढलेलं.

"बरं झालं, तुमीच लावलीत," सकुबाई म्हणाल्या.

महिपतबुवांनी वाकून पाहिलं. "मी? मला वाटलं तू लावलीस."

सकुबाईंनी आपल्या बोटाकडे पाहिलं. मग वाटीतली हळद त्या खुणेखाली आणखी एकदा लावली आणि पिवळा उजेड केला. नवऱ्याचा हात धरला. परतताना मागे पाऊल वाजलं का, ते दोघांपैकी कुणीच कुणाला विचारलं नाही.