शाळेचा इतिहास पास झाला

टेकडीवरच्या अँग्लिकन शाळेचा इतिहास दर वर्षी आठवीत नापास होत असे. शाळा आठवीपर्यंतच होती. तो पास झाला असता, तर दाखला घेऊन निघून गेला असता आणि शाळेला मागचं काहीच आठवलं नसतं. म्हणून बीजगणिताचे शिक्षक त्याचे थोडे मार्क कापत. निकालाआधी त्यासाठी समोसे मागवून बैठक व्हायची. ही बैठक शाळा सुटायच्या आत उरकावी लागे. शाळा निवासी नव्हती. घंटा झाली की इतिहासही दप्तर उचलून घरी जाई, आणि मग आपण कशासाठी जमलो आहोत, तेच कुणाला आठवत नसे.

त्या वर्षी बीजगणित एलिशिबा हिवाळेकडे आलं. ती नुकतीच बी.एड. होऊन आलेली, आणि अन्याय दिसला की तिला उद्यापर्यंत थांबवत नसे. शाळेने मुली घ्यायला सुरुवात केली, तेव्हाच्या पहिल्या तुकडीत तिची आई होती. आता आई नव्हती. मधल्या सुट्टीत एलिशिबा इतिहासाच्या बाकाशी जाऊन बसे.

"मुलांनी जागा दिली नाही, मिस," तो सांगे. "मग तुमची आई खिडकीत चढून बसली. नंतर सगळे बाक देऊ लागले, तर बाई उतरायलाच तयार नाहीत."

हे आईने घरी कधीच सांगितलं नव्हतं. संध्याकाळी एलिशिबा ते विसरून जाई आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारी. तोही न कंटाळता पुन्हा सांगे.

एकदा त्यानेच विचारलं, "मिस, नववीत काय असतं?"

"त्रिकोणमिती."

"मला जमेल?"

"का नाही जमणार?" ती म्हणाली. त्याचे कान लाल झाले.

वार्षिक परीक्षेत त्याने सगळी गणितं बरोबर सोडवली.

"पायऱ्या गाळल्या असतील, बघा," बैठकीत मुख्याध्यापक उजगरे सर म्हणाले.

"एकही नाही."

"अक्षर?"

"माझ्यापेक्षा चांगलं आहे. सर, आपल्या सोयीसाठी एका मुलाला अडकवून ठेवायचं, हे कुठल्या शिकवणीत बसतं?"

"कुठल्याच नाही," सरांनी समोसा मोडला. "मीही तुमच्या वयाचा असताना असाच चिडलो होतो, बाई. मग बसून मार्क कापले. तुमची आईही जाईल त्याच्याबरोबर. विचार केलाय?"

एलिशिबाने त्याचा पेपर पुन्हा पहिल्या पानापासून तपासला. मग तिने त्याला पास केलं.

दाखला खिशात घालून तो तिला भेटायला आला. "येतो, मिस."

"थांब. आईचं अजून एक सांग ना. आधी न सांगितलेलं."

त्याने वाकून तिच्या कानात सांगितलं. एलिशिबा इतकी खळखळून हसली की व्हरांड्यातली मुलं वळून बघू लागली. तो पायऱ्या उतरला, मैदान ओलांडून गेला आणि फाटकाबाहेर पडला.

ती अजून हसत होती.

"काय झालं एवढं हसायला?" उजगरे सरांनी विचारलं.

"काय की," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. तिने ते पदराने पुसले, आणि कशामुळे भरले ते तिला कळेना.

"तो मुलगा कोण होता?"

एलिशिबाने रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं.

"आपलाच असेल कुणीतरी," ती म्हणाली. "पास झाला वाटतं."